एका विमानाला एकच टॉवर

आमच्या शेजारचे दिनकरकाका आपल्याला काही सांगतात, तेव्हा ते नुसतं ऐकून चालत नाही. परत म्हणून दाखवावं लागतं. दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर जास्त" एवढं सांगून काका दारातच उभे राहतात. "परत म्हण." तो बिचारा किटली सावरत म्हणतो, "कल आधा लिटर ज्यादा, काका." मग त्याची सुटका. मी शाळेत शिकवते, दिवसभर पोरांकडून कविता म्हणवून घेते. पण उद्या नळाला पाणी सकाळी येणार, एवढं कळवून झालं की "मॅडम, परत म्हणा" मलाही चुकत नाही.

काका विमानतळाच्या टॉवरमध्ये होते. वैमानिकांना रेडिओवरून उंची आणि वाट सांगायची, त्यांनी ती शब्दशः परत म्हणायची, चुकले तर तिथल्या तिथे पकडायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्त होऊन ते बुऱ्हाणपूरला, लालबागेतल्या घरी आले ते टॉवर सोबत घेऊनच.

त्यांना जन्मभर धाक एकाच गोष्टीचा. मोठं प्रवासी विमान आणि छोटं विमान एका जागी येण्याचा. "मोठं वेगात येतं, त्याला छोटं दिसत नाही," ते सांगतात. "आणि मोठं पुढे गेलं तरी मागे हवा गरगरत राहते. छोटं त्यात शिरलं की उलटलंच. म्हणून छोट्यानं थांबायचं." शाहपूरहून केळीचा ट्रक गल्लीतून गेला की काका काठी आडवी धरून मागच्या स्कूटरला अडवतात.

"ओ काका, ट्रक तर गेला ना! मी कायले थांबू राहिलो?"

"हवा बसू दे."

मग धूळ बसेपर्यंत अख्खी गल्ली हॉर्न वाजवत उभी.

माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी पंगतीचा ताबा घेतला. आमच्याकडे वाढपी दोन्ही टोकांनी शिरतात आणि मध्यावर वरणाची बादली आणि तुपाचं भांडं एकमेकांवर आपटतात, हे ठरलेलंच. काकांनी तूपवाल्याला खांबापाशी रोखून धरलं. टक्कर एकही झाली नाही, हे कबूल. पण तूप आलं तेव्हा पंगत ताकावर पोचली होती. व्याही अजून मला ऐकवतात.

अशा माणसाची मुलगी मुक्ता. आई लवकर गेली, काकांनीच तिच्या वेण्या घातल्या, डबे भरले. आणि ही पोरगी विमान चालवायला शिकायला निघाली. तेही छोटं! शिकायचं ठिकाण हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, दोन-अडीच तासांवर, आणि तिथे प्रवासी विमानही उतरतं. म्हणजे काकांच्या जिवाला घोर लावायची सगळी तयारी.

काका सकाळ-संध्याकाळ फोन करू लागले. आधी आजूबाजूला बघ, मोठं कुठे आहे ते दिसल्याशिवाय वळू नकोस, परत म्हण. एकदा आम्ही ओट्यावर बसलो असताना फोनमधून तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"बाबा, बस करा ना अब! वर गेले तरी डोक्यात तुमचाच आवाज चालू राहतो. काल टॉवरनं सांगितलेलं माझ्याकडून सुटलं. एका विमानाला दोन टॉवर नसतात, हे तुम्हीच सांगायचे ना?"

त्यानंतर ती फोन उचलेना.

काका एकदम विझले. केळीचे ट्रक आले आणि गेले, काठी कोपऱ्यातून हलली नाही. मला फार वाईट वाटलं. गल्लीतल्या कुणालाच हॉर्न वाजवावा लागेना, तरी करमेना.

"ती बरोबर बोलली, मॅडम," ते म्हणाले. "दोन आवाज म्हणजे धोकाच. पण सूचना द्यायच्या नाहीत, तर मी तिच्याशी बोलू काय? मला दुसरं काही येतच नाही."

मग एक दिवस मुक्ताचा मला निरोप आला. "मावशी, उद्या पहिल्यांदा एकटी उडवणार. बाबांना उतरल्यावरच सांगा." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. चहा उकळेपर्यंत मी काकांना सांगून मोकळी झाले. आता फोन उचलून सूचनांचा मारा करणार, असंच मला वाटलं. काकांनी कप बाजूला ठेवला.

"मी काही बोलणार नाही," ते म्हणाले. "नुसता लांबून बघीन. गाडी काढता का?"

विमानतळाच्या तारेच्या कुंपणाबाहेर कापसाचं शेत होतं, वेचणी चालू होती. तिथल्या बांधावर आम्ही उभे राहिलो. छोटं पांढरं विमान उडालं, वळलं आणि उतरायच्या बेतात असतानाच लांबून प्रवासी विमान दिसू लागलं. छोटं बाजूला सरकून घिरट्या घालू लागलं.

"तिला विचारलं असेल, मोठं दिसतंय का," काका कुजबुजले. "ती हो म्हणाली असेल." त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बांगडी रुतली.

मोठं उतरलं. छोटं तरीही येईना. एक घिरटी, मग आणखी एक. मी विचारलं, "आता का थांबलीय?" "हवा बसू देतेय," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी ते विमान अलगद खाली आलं, एकदा हलकेच उसळलं आणि धावत जाऊन थांबलं.

 काका घाईनं मागे वळले. "चला, मॅडम. तिनं बोलावलं नव्हतं आपल्याला."

पण मी हलले नाही, कारण आतल्या बाजूनं मुक्ता कुंपणाकडे चालत येत होती.

"बाबा, वरून दिसले तुम्ही," ती तारेपाशी येऊन म्हणाली. "सगळे खाली वाकून कापूस वेचू राहिले होते, आणि बांधावर दोघंच आभाळाकडे बघत उभे. दुसरं कौन होगा?"

काकांनी तारेतून हात घालून तिची बोटं धरली. 

"इतकी विमानं उतरवली मी," ते म्हणाले. "उतरून माझ्याकडे कुणी चालत आलं नव्हतं, पोरी."

मुक्तानं दुसऱ्या हातानं नाक पुसलं. "रविवारी परत एकटी आहे मी," ती म्हणाली. "याल ना, बाबा? इथेच उभे राहा. मला दिसाल असे."