सोनवणे ताटावरून उठतात

रोजच्या भारनियमनात लाइट जायची वेळ झाली की आमचे शेजारी सोनवणे भरल्या ताटावरून उठतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला, सोसायटीच्या गच्चीवर, पानात जिलबी पडत असताना उठले आणि जिन्याकडे पळाले! शेजारी बसलेले पिंपळगावचे व्याही घाबरले. "काय हो, आमचं काही चुकलं का?" आता त्यांना काय सांगू, की या गृहस्थांना घरी जाऊन कॉम्प्युटर झोपवायचाय?

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात. सोनवण्यांनी कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स शिकून घेतलं आणि ते आमच्यावर काढलं. माझ्या कॉम्प्युटरच्या नव्याकोऱ्या डिस्कचे न विचारता तीन भाग केले. "एक सिस्टिमचा, एक तुमच्या सामानाचा, तिसरा झोपेचा. सिस्टिम बिघडली तरी सामान शाबूत!" ते ठीक, पण माझ्या डिस्कवर झोपेला जागा कशाला? वर बटण दाबून मशीन बंद केलं की अंगावर येणार. "शटडाउन करा, रीतसर! चालत्या गाडीतून उडी मारता का?"

आणि हा माणूस स्वतः कधी शटडाउन करत नसे!

त्या दिवशी मी तणतणत त्यांच्या मागोमाग खाली त्यांच्या घरी गेलो. "अहो सोनवणे, व्याह्यांसमोर शोभा केलीत! शटडाउनचे धडे फक्त आम्हाला?"

"शटडाउन केलं की उघडं असेल ते सगळं मिटतं," माऊस हलवत ते म्हणाले. "सस्पेंड केलं तर लाइट जाताच पुसलं जातं. हायबरनेट केलं की आहे तसं त्या झोपेच्या भागात लिहून ठेवतं. लाइट आली की पुन्हा तिथूनच."

"मग गच्चीवर यायच्या आधीच करायचं!"

"कुलूप काढून घरात शिरताना स्क्रीन काळा बघवत नाही."

स्क्रीनवर पत्त्यांचा अर्धवट डाव होता. माझा राग उतरला नव्हता. "यासाठी जिलबी टाकून आलात? आणि इस्पिकच्या गुलामावर बदाम दश्शी बसतेय, ती तरी लावा!"

"दिसतेय मला. पण डाव हिचा आहे." त्यांनी माऊसवरून हात काढला. "चहा ठेवते म्हणाली आणि उठली."

वहिनी ओट्यापाशीच कोसळल्या होत्या. त्याला वर्ष उलटून गेलं होतं. सोनवण्यांनी हायबरनेट केलं, स्क्रीन विझला आणि थोड्या वेळानं लाइट गेली.

हल्ली पंगतीत ते गप्पांत रमले की मीच त्यांच्यावर खेकसतो, "अहो सोनवणे, लाइट जायची वेळ झाली. उठा!"