कशागत अक्का

आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या अक्कांच्या पुढ्यात "हे त्याच्यागत हाय" असं म्हणायची सोय न्हाय. म्हणालं की त्या हातातलं काम थांबवून विचारणार, "कशागत?" परत सांगितलं तर, "का म्हणून?" आणि तितंबी टिकलं तर, "डोळ्यानं बघितलंयस काय?" सगळी गल्ली त्यास्नी कशागत अक्का म्हणते, पण माघारी. पुढ्यात म्हणायचं धाडस कुणाला न्हाय.

भाजीवाल्याचंच बघा. तो सगळीकडं "काकडी बर्फागत, काकडी बर्फागत" ओरडत फिरतो. अक्कांनी एकदा भर उन्हात त्याला थांबवलं, त्याच्याच गाड्यावरची काकडी उचलली आणि त्याच्याच गालाला लावली. म्हणाल्या, कुठल्या बर्फागत रं, विरघळून गेलेल्या? तो गाल पुसत उभारला. तवापासनं आमच्या गल्लीत शिरला की तो नुसतं "काकडी हाय, काकडीगत हाय" एवढंच म्हणतो.

निवडणुकीला उभारलेला एकजण दहाबारा पोरं घेऊन हात जोडत आलता. म्हणाला, अक्का, मी तुमच्या भावागत. अक्कांनी त्याला खालनं वर बघितलं. "कुठल्या भावागत? माझा एक फोन उचलत न्हाय, आणि दुसऱ्यानं कधी केलाच न्हाय. तू ह्यातला कुठला?" पोरं तोंडावर हात ठेवून हसाय लागली आणि त्यो पत्रक जिन्यावर ठेवून निघून गेला.

पण सवता बोलत्यात तवा नेमकं बोलत्यात. त्यांचा गुडघा दुखतो तर डॉक्टरला सांगितलं, पोळपाटाखाली खडा आल्यागत डुगडुगतोय. डॉक्टर आधी हसला, मग बरोबर तितंच दाबलं आणि अक्का किंचाळल्या.

तर ह्या अक्का पाळणं बांधत्यात. बारशाला बायका पाळण्याभोवती उभारून म्हणत्यात ती गाणी. त्यांचा कायदा असा की चांद, कमळ, मोती, सोन्याचा पाळणा, ह्यातलं कायबी चालणार न्हाय. चांद सगळ्यांचाच हाय, म्हणत्यात, त्यानं तुमचं पोर कुणाच्यातलं ते कसं कळणार? म्हणून आधी तासभर बसवून विचारत्यात, तुमच्यात काय असतंय, घरात वास कशाचा येतोय, सकाळी पहिला आवाज कशाचा. मग बांधत्यात. गल्लीतल्या टेम्पोवाल्याच्या पोराला त्यांनी घाटात अडल्यावर कामाला येणाऱ्या स्टेपनीगत म्हटलं. पोराची आजी रुसली, पण बापानं ते टेम्पोच्या मागं रंगवून घेतलं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या पोरीपायी.

मी कबनूरची. आमच्याकडं घराला लागूनच विजेवर चालणारे माग हाईत, दुसऱ्याचे, बाबा त्यावर कामाला. नववीत शाळा सुटली आणि मी आईसंग कांड्या भराय लागले. कांडी म्हंजे वीतभर लाकडी दांडी, तिच्यावर सूत भरायचं, ती धोट्यात बसवायची, धोटा मागात हिकडनं तिकडं पळतो तसं सूत सुटत जातं आणि कापड वाढत जातं. एवढंच मला येतं. मग लग्न होऊन हितं कोल्हापुरात आले, टेंबलाईच्या टेकडीखाली. बाळंतपण माहेरी झालं आणि पोरीला दोन महिन्याची घेऊन आले, बारसं हितं करायचं म्हणून.

आणि मला भ्या वाटाय लागलं. कशाचं ते सांगता यायचं न्हाय. ह्यांची ड्युटी कागलच्या कारखान्यात, शिफ्ट बदलती, घरात असले तरी झोपलेले. सासूबाई, मी त्यास्नी आत्ती म्हणते, दुपारच्या भजनाला जायच्या. घर एवढं गप्प की माझा मलाच श्वास ऐकू यायचा, आणि पोरगी झोपली की तिचा ऐकू येत न्हाय म्हणून मी तिच्या नाकापुढं बोट धरून बसायची, मग माझाच श्वास अडकायचा. वरनं अक्कांच्या खोलीतनं एका ताटाचा, एका वाटीचा आवाज यायचा, तेवढाच.

त्यात बारसं. ह्यांच्या घरात रीत अशी की पहिला पाळणा आईनंच म्हणायचा, सगळ्या बायकांच्या पुढं, उभारून. आत्तींनी फोनवरनं एक उतरवून दिला. सोन्याचा पाळणा, रेशमाची दोरी, चांदण्याची झालर. आणि वर सांगितलं की पावण्यांनी माहेरचं विचारलं तर टेक्स्टाईल म्हणायचं, माग म्हणू नको. मला तो पाळणा पाठच हुईना. एक ओळ धरली की दुसरी सुटायची. मला वाटाय लागलं, मी तितं उभारणार, तोंड उघडणार आणि आतनं कायच येणार न्हाय, आणि सगळ्या म्हणतील, मागावरची पोर, हिला बाई आई व्हायबी येत न्हाय.

लंगोट वाळत घालायचं निमित्त करून मी गच्चीवर जाऊन पाठ करायची. अक्का तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "कशाची दोरी म्हणालीस?"

"रेशमाची."

"तुमच्यात रेशीम विणत्यात?"

"न्हाय. कॉटन."

"मग लेकराला दुसऱ्याच्या दोरीवर कशाला टांगालीस?"

मला रडूच आलं. त्या म्हणाल्या, रड, पण बसून रड, आणि मग सांग, पोरगी कशागत हाय.

मी चांदागत म्हणाले. त्यांनी ताटातला खडा उचलून टाकावा तसा तो टाकला. फुलागत म्हणाले. कुठल्या फुलागत, म्हणाल्या, नाव सांग, मला वास येऊ दे. दुसऱ्या दिवशीबी तेच. तिसऱ्या दिवशी मी वैतागून म्हणाले, अक्का, मला कायबी माहीत न्हाय, ती लई वेळ हातपाय झाडती, कानठळ्या बसवती, आणि मग लाईट गेल्यावर सगळे माग एका दमात थांबत्यात ना, तशी झोपती, आणि मग त्या गपगारीचंच मला भ्या वाटतं.

अक्कांनी ताट बाजूला ठेवलं. "हां," म्हणाल्या, "आत्ता कबनूरची बोलली."

मला काय त्यात विशेष वाटलं न्हाय. पण त्या दिवशी त्यांनी मला चहा दिला, आणि चहा त्या कुणाला देत न्हाईत.

मग विचारलं, आणि तू कशागत?

मी कोण, माझं कशाला, असं म्हणत हुते, आणि तोंडातनं आपोआप आलं की मी कांडीगत. ती पितीया, वाढतीया, आणि माझ्यावरचं सूत सुटत चाललंय, अक्का. एक दिवस नुसतं लाकूड राहणार. मग काय करू?

त्यांनी तांदळाचं ताट परत मांडीवर ओढलं. मग विचारलं, "तुमच्यात रिकामी झालेली कांडी फेकून देत्यात?"

"न्हाय. परत भरत्यात."

"कोण भरतंय?"

"आई. मी."

"मग?"

मग काय, मी नाक पुसलं. अक्का म्हणाल्या, आता त्यातलं "गत" काढ. कांडीगत न्हाय, कांडीच म्हण. मी विचारलं, त्यानं काय हुतंय? म्हणाल्या, "गत लावलं की दोन बायका शेजारी शेजारी बसल्यात, पदराला पदर लावून. काढलं की एक दुसरीच्या अंगात आली. आधी शेजारी बसवायचं, दम हाय काय बघायचं, मग अंगात येऊ द्यायचं. सगळ्यालाच गत काढत सुटलीस तर खुळी म्हणतील."

मी म्हणाले, अक्का, माझी बोली हितं कुणाला पटत न्हाय, आत्तींचे पावणं हसत्यात. तर त्या तांदळाकडं बघत म्हणाल्या, "मी आले तवा मला एवढीबी येत नव्हती. पहिला शब्द शिकले त्यो ह्योच, कशागत. कुणी कायबी आण म्हणालं की विचारायचं, कशागत? मग माणूस हातानं दाखवतंय." मी विचारलं, मग आधी काय बोलत हुता? त्या म्हणाल्या, पोरगी उठली बघ खाली. मी पळत गेले तर पोरगी गाढ झोपलेली.

पाळणा आमी दोघींनी बांधला. म्हंजे मी बडबडायची आणि त्या त्यातलं वेचायच्या.

मागाच्या घरी निजंना रात,
धोटा पळतो ह्यातनं त्यात,
आई मी कांडी, सूत माझ्या आत,
जो बाळा जो जो रे जो.

सरलं जरी सूत, भिऊ मी काय?
भरून देती कांडी माझी माय,
कापड तू माझं, वाढत जाय,
काठाला तुझ्या कबनूर हाय,
जो बाळा जो जो रे जो.

बारशाच्या दिवशी खाली मांडव, खुर्च्या, बायकाच बायका. मी अक्कांना म्हणाले, तुमी माझ्या शेजारी उभारा. त्या म्हणाल्या, आपण बांधलेलं दुसऱ्यानं म्हणताना आपण बघायचं नसतंय, आणि जिन्यावर जाऊन बसल्या, मांडवाकडं पाठ करून. मी पाळण्याजवळ उभारले. आत्तींनी फोनवरनं उतरवलेला कागद माझ्या हातात दिला. मी तो खाली ठेवला, डोळे मिटले आणि सगळं एका दमात म्हणून टाकलं, मध्ये श्वासबी घेतला न्हाय, शेवटच्या जो जो ला आवाज फाटला.

डोळे उघडले तर माझी आई पदर तोंडात धरून उभारलेली. आत्ती म्हणाल्या, "बारशात कारखाना काढला की हिनं." बायका हसल्या. मीबी हसले, भ्यानंच. पण आत्तींच्या थोरल्या जाऊबाई, ऐंशीच्या असतील, त्या खुर्चीतनं म्हणाल्या, हसताय काय, कांडीचं परत म्हण गं पोरी. मी परत म्हणाले. दुसऱ्यांदा श्वास घेतला.

नणंदेनं कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, आणि एवढ्या गर्दीला पोरगी बिथरली. ह्या हातातनं त्या हातात, रडून काळीनिळी. अक्कांनी जिन्यावरनं उठून तिला उचललं आणि वर घेऊन गेल्या. बऱ्याच वेळानं आत्ती म्हणाल्या, पोरीला आण, पावणं निघाल्यात, त्यास्नी तिला अंगडं-टोपडं घालायचंय, फोटो काढायचाय. मी धापा टाकत जिना चढले.

दार अर्धं लोटलेलं. अक्का भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेल्या, पायावर पोरगी, आणि अक्का गाणं म्हणत हुत्या. एवढा हळू आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. शब्द मला लागंनात. "जोळद तेनी हंग" असं कायतरी परत परत येत हुतं. कबनुरात आमच्या शेजारी विजापूरकडच्या बायका कामाला हुत्या, त्यामुळं ते कानडी हाय आणि हंग म्हंजे गत, एवढं कळलं. पोरगी टक लावून त्यांच्या तोंडाकडं बघत हुती.

मला बघून त्या थांबल्या. "रडालती म्हणून कायबाय म्हणत हुते."

"अक्का, तुमी कानडी?"

"हुते कवातरी."

मग पोरीची कुंची नीट करत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "लग्न झालं तवा सासूनं सांगितलं, ह्या घरात ते बोलायचं न्हाय. न्हाय बोलले. सासू गेली, मालक गेले. आता बोलाय मोकळी हाय, तर बोलायचं कुणासंग? म्हणून हिच्यासंग बोलते. ही विचारत न्हाय, म्हंजे काय म्हणून."

मीबी विचारलं न्हाय.

खालनं आत्तींची हाक आली, मग दुसरी, मोठी. अक्कांनी पोरीला उचलून माझ्यापुढं धरलं. ने म्हणाल्या, पावणं खोळंबल्यात. हात पुढं केले, पण पाय तसेच लांब ठेवलेले, पोरगी अजून त्यांवरच असल्यागत.

मी पोरीला घेतलं न्हाय. जिन्याच्या तोंडाशी गेले. खाली आत्ती कमरेवर हात ठेवून उभारलेल्या, मागं सगळे पावणं. लग्न झाल्यापासनं मी त्यास्नी हो आणि आले, ह्याशिवाय कायच म्हणाले नव्हते.

"आत्ती, थांबा जरा," मी म्हणाले. "गाणं चाललंय."

त्या काय म्हणाल्या ते ऐकायला मी थांबले न्हाय. आत आले, दार लावून घेतलं आणि अक्कांच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग पोरीला परत पायावर घेतलं. खाली कुणीतरी स्पीकर लावला. अक्कांनी पहिल्या ओळीपासनं परत सुरुवात केली, जरा मोठ्यानं.