नत्थूजींचं उरलेलं नागपूर

नत्थूजींनी मला मारलं ते एका रविवारी दुपारी, माझ्याच बायकोने केलेला चिवडा खाता खाता. मी कारण विचारलं, तर वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "स्कायलॅब पडली तवा तुमी झिरो माइलच्या दगडापाशी उभे व्हते जी. त्याले मी काय करू?"

"मी तिथे कशाला उभा राहीन? रविवारी मी घरी असतो."

"बुधवारी पडली."

अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा, स्कायलॅब, पडणार म्हणून एकोणऐंशीच्या पावसाळ्यात सगळेच घाबरले होते, हे खरं. पण ती नागपुरावर पडली नाही. दूर ऑस्ट्रेलियात कुठेतरी पडली आणि लोक दुसऱ्या आठवड्यात तिला विसरले. आमच्या सक्करदऱ्यात एकटे नत्थूजी विसरले नाहीत. त्यांचा हिशेब असा, की देशाच्या मधोमध नागपूर, नागपुरात झिरो माइलचा दगड. वरून पडणाऱ्या वस्तूला याहून सोयीची जागा कोणती? ती चुकली, यात नागपूरचा काही गुण नव्हता.

म्हणून त्यांनी एक खेळ तयार केला. स्कायलॅब नेमकी पडली असती तर काय उरलं असतं, त्याचा. चार जुन्या कॅलेंडरांचे मोठे कागद उलटे करून, खळ लावून गोणपाटावर चिकटवले आणि त्यावर उरलेलं नागपूर काढलं. उरलेल्यांचे तीन पक्ष. सक्करदऱ्याकडे तळं, म्हणजे पाणी. त्यांच्या सोंगट्या चिंचोके. हिंगण्याकडे कारखाने, त्यांच्या सोंगट्या लोखंडी नट. काटोलकडे संत्री आणि धान्य. त्यांच्या सोंगट्या संत्र्याच्या वाळलेल्या बिया. चार कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तेवढं दान. शेवटी जो पक्ष उरेल त्याचं राज्य. "उरले तेच आपले," हे त्यांचं पालुपद. चहात साखर कमी पडली तरी उरलेल्या साखरेकडे पाहून हेच म्हणायचे.

वहीच्या पहिल्या पानावर 'उरलेले' अशी यादी होती. आमच्या गल्लीतली सव्वीस नावं. त्यात माझ्या बायकोचं नाव होतं. मेश्रामचं होतं. कोपऱ्यावरच्या लंगड्या कुत्र्याचंसुद्धा होतं. माझं नव्हतं.

"मग मेलेला माणूस खेळेल कसा?" मी विचारलं.

"आत्मा म्हणून बसा. हिंगण्याकडून."

इथेही अन्याय पाहा. आमच्या शेजारचा मेश्राम खराखुरा हिंगण्याच्या कारखान्यात कामाला. त्याला दिलं काटोल. तो बिचारा म्हणाला, "काकाजी, मी रोज आठ घंटे हिंगण्यात मरून राहिलो, अन् मले संत्री काहून?" तर उत्तर मिळालं, "म्हणूनच. जरा हवापालट होते." सक्करदरा नत्थूजींनी स्वतःकडे ठेवला.

मी पाटबंधारे खात्यात पाण्याचे आकडे मांडणारा माणूस. चुकीचा आकडा दिसला की मला जेवण गोड लागत नाही. नत्थूजींच्या खेळात सक्करदऱ्याचं तळं कधी आटतच नव्हतं. कितीही चिंचोके पाणी पिवोत, वर्षभर तुडुंब! मी दोन रविवार बसून कोष्टक करून दिलं: दर चिंचोक्यामागे दर डावाला किती घागरी, उन्हाळ्यात बाष्प किती. एक वर्ष वाद घातला त्यांनी. वर्षानंतर कोष्टक मान्य केलं, तेही असं म्हणून की, "मेलेल्या माणसाचं एवढं तरी आयकाव लागते."

पण मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर पोस्टाचा. नत्थूजी बत्तीस वर्षं टपालखात्यात सॉर्टर होते. निवृत्त होताना जुनी, मोडकी, खणाखणांची लाकडी मांडणी मागून आणली होती. त्यात चहा, सुपारी, औषधं गावोगावची पत्रं लावावीत तशी लावलेली असत. पत्त्यावरचं वाकडंतिकडं अक्षर पाहून गाव ओळखणारा हा माणूस. आणि त्यांच्या वहीतला नियम पहिला काय? 'जगबुडीनंतर पोस्ट बंद. ज्याला निरोप द्यायचा त्याने स्वतः चालत जावे.' मी म्हटलं, "अहो, ज्या खात्याचं मीठ खाल्लं तेच पहिल्या झटक्यात बुडवता?" ते पेन्सिलीला टोक काढत राहिले. मी ही कृतघ्नता समजलो.

त्या मांडणीच्या वरच्या तीन खणांत तीन बंद पाकिटं होती. प्रत्येक पक्षाचं एकेक 'भविष्य'. जो पक्ष जिंकेल त्याचं पाकीट फोडायचं आणि आत लिहिलेलं सगळ्यांनी पाळायचं. जो पडेल त्याचं पाकीट न फोडता चुलीत. चार वर्षांत एकही पाकीट ना फुटलं, ना जळलं. कारण डाव संपायला आला की नत्थूजी पेन्सिल काढून नवा नियम लिहीत. 'संत्र्याला आंबिया बहार आल्याने युद्ध तहकूब.' 'पुलाची कमान खचली.' मी मागच्या वर्षीची नोंद ठेवली आहे. एकेचाळीस रविवारांत सतरा वेळा नियम बदलले, त्यांतले चौदा काटोलसाठी. हरायला लागलं की वाचवायचं, जिंकायला लागलं की अडवायचं. याला खेळ म्हणतात?

मी चिडून घरी हे सांगितलं, तेव्हा बायको तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुम्हाला आकडे दिसतात, माणसं दिसत नाहीत. काटोलला त्यांचा धाकटा भाऊ आहे, किसनराव. त्याची थोरली पोर यांच्याकडे राहून मॅट्रिक झाली. नत्थूजींच्या बायकोने पोटच्या मुलीसारखी वेणीफणी केली तिची. मग बायको गेली, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात त्या पोरीचं लग्न निघालं. आमंत्रण कसं आलं? छापील पत्रिका, पोस्टाने. मोठ्या भावाच्या दारी अक्षत घेऊन कोणी आलं नाही. म्हणून नत्थूजीही गेले नाहीत."

"कोणत्या उन्हाळ्यात?"

"स्कायलॅबच्या वर्षीच्या."

मीही तांदळातला एक खडा वेचून टाकला. पण राग गेला नाही. उलट थोडा किसनरावावरही आला.

त्यानंतरच्याच रविवारची गोष्ट. आम्ही तिघं पडवीत बसलो. मेश्रामचं लक्ष मांडणीकडे गेलं. काटोलच्या पाकिटाशेजारी एक नवं पाकीट होतं, चारी कोपऱ्यांना हळद लावलेलं, वर टपालाचा शिक्का.

"काकाजी, हे तं लग्नाचं दिसते. फोडलं नाही?"

"पोस्ट बंद हाय," नत्थूजी म्हणाले.

"अजी, तारीख तं पाहा! किसनरावाच्या धाकटीचं असंन."

"लग्न येत्या शुक्रवारचं हाय म्हणते पोस्टमन. उजेडात धरून वाचली त्यानं, लय हौस त्याले. टाक कवड्या."

त्या दिवशी माझ्या कोष्टकाने आपलं काम केलं. अठराव्या डावाला सक्करदऱ्याचं तळं आटलं आणि नत्थूजींचे चिंचोके संपले; सक्करदऱ्याचं पाकीट त्यांनी स्वतःच चुलीत टाकलं. उरलो मी आणि मेश्राम. माझे उरलेले नऊही नट काटोलच्या वेशीवर, त्याच्या तीन बिया आत. मला दोन किंवा जास्त दान पडलं की काटोल पडलं. त्याहून कमी पडलं, तर वेशीवरचे माझे सगळे नट बाद.

नत्थूजींनी पेन्सिल उचलली.

मग मात्र मी आवाज चढवला. "बस झालं! चालू डावात नवा नियम लिहायचा नाही. चार वर्षं सहन केलं मी. मेलो, आत्मा झालो, हिंगण्यात राहिलो. आज दान पडेल ते पडेल!"

"साहेब खरं बोलून राहिले," मेश्राम म्हणाला.

नत्थूजींनी पेन्सिल खाली ठेवली. मग उठून मांडणीतून काटोलचं पाकीट काढलं, नियमाप्रमाणे. काटोल पडलं तर ते चुलीत जायचं होतं. ते पाकीट त्यांनी मांडीवर ठेवलं आणि त्यावर पंजा पसरून ठेवला, वाऱ्याने उडू नये तसा. वारा नव्हता.

मी कवड्या टाकल्या.

तीन उताण्या. मी झटकन मुठीत उचलल्या आणि म्हटलं, "एक."

नत्थूजी माझ्याकडे पाहत राहिले.

"तीन व्हत्या जी."

"एक होती."

"मी सॉर्टर व्हतो, वानखडे. माझी नजर..."

"म्या बी पाह्यलं काकाजी," मेश्राम म्हणाला आणि आपल्या तीन बिया पटाच्या मधोमध सरकवल्या. "एकच व्हती. काटोल जितलं. द्या इकडं ते पाकीट."

त्याने पाकीट फोडलं. आतला कागद पिवळा पडला होता. मेश्राम सावकाश वाचत गेला: "'काटोलवाले उरले तर: जगात पोस्ट नाही, म्हणून मोठ्या भावाने निरोपाची वाट पाहू नये. आपण उठून जावे. मानपान पुरात गेले असे समजावे. पोरीसाठी हिरवी साडी न्यावी.'" खाली चार वर्षांपूर्वीची तारीख होती.

नत्थूजी म्हणाले, "तवाचं हाय ते. तिचं झालं आता लग्न."

"धाकटीचं व्हायचंय," मी म्हटलं. "आणि नियम तुमच्या अक्षरात आहे. चार वर्षं मी एकही मोडलेला नाही."

"आज मोडला न."

मी चिवड्याची ताटली घेऊन घरी आलो.

बुधवारी सकाळी ते आमच्या दारात उभे. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी, पिशवीतून हिरवे काठ डोकावत होते. एका नव्हे, दोन साड्यांचे. "तुळशीले पाणी घालजा," एवढं बोलून किल्ली दिली आणि काटोलच्या गाडीसाठी निघून गेले. आभार नाहीत, काही नाही. मी बायकोला म्हटलंसुद्धा, "बघ, ही रीत!"

संध्याकाळी पाणी घालायला गेलो. पट गुंडाळून भिंतीशी उभा होता. खाटेवर वही उघडी होती, मुद्दाम ठेवल्यासारखी. ताज्या पेन्सिलीत लिहिलं होतं: 'नियम बेचाळिसावा. दान मोजण्याचं काम यापुढे वानखडे यांना देऊ नये. त्यांची नजर कमी झाली आहे.'

माझी नजर उत्तम आहे. खात्यात आजही मी चष्म्याशिवाय आकडे वाचतो. मी संतापून पानं उलटत पहिल्या पानापर्यंत गेलो, पेन्सिल शोधत, की याच्याखाली माझं म्हणणं तरी लिहावं.

पहिल्या पानावर 'उरलेले'ची यादी होती. कुत्र्याच्या खाली, सत्ताविसावं, माझं नाव होतं. पुढे कंसात लिहिलं होतं: 'बुधवारी हे घरीच होते. आपली चूक.'