कोणी केलं ते लिहिलेलं नाही

“बाई, पॅसिव्ह व्हॉइसचा शोध लावणाऱ्याला घरी कोणी काही विचारत नव्हतं का?”

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. इंग्रजीच्या बाईंसमोर भलेभले गार पडत, आणि ही मुलगी तर गेल्या वर्षीपर्यंत हजेरीसुद्धा कुजबुजत द्यायची. यंदा कुठे तिला कंठ फुटला होता, तर वर्गाने लगेच तिचं नाव ‘तोफ’ ठेवलं होतं.

बाईंनी खडू खाली ठेवला. “विचारत होते की. ‘कप कोणी फोडला’ असं विचारत होते, म्हणून तर त्याने शोध लावला. कप फोडला गेला. बस खाली.”

वर्ग खो खो हसला आणि सगळ्यांत मोठ्याने तोफ हसली. मग बाईंनी सांगितलं, की करणारा माहीत नसेल, महत्त्वाचा नसेल किंवा त्याचं नाव न घेण्यात माणुसकी असेल, तर तो खुशाल गाळावा. तोफ बाईंवर आणि व्याकरणावर एकदमच फिदा झाली.

त्याच संध्याकाळी पाणीच पाणी झालं. तोफेचे बाबा इमारतीचे सेक्रेटरी. पंप लावून ते बातम्या बघत बसले, टाकी भरून वाहिली आणि पाणी जिन्याने एकेक मजला उतरत खालपर्यंत गेलं. आता नोटीस काय लिहावी म्हणून ते पेनाचं टोपण चावत होते.

“बाबा, सरका. द पंप वॉज लेफ्ट ऑन. द स्टेअरकेस वॉज फ्लडेड. इनकन्व्हिनियन्स इज रिग्रेटेड.”

“आणि चालू कोणी ठेवला ते?”

“ते लिहायचंच नसतं. तीच तर गंमत आहे.”

“घरातल्या घरात चालतं का गं हे?” बाबांनी हळूच विचारलं.

“नाही चालत,” आई आतून म्हणाली.

ओल्या चपला हातात घेऊन भांडायला आलेली माणसं नोटीस वाचून गपगुमान परत गेली. इंग्रजीत आहे, खाली शिक्का आहे, म्हणजे चूक पंपाचीच असणार.

मग काय, तोफेकडे रांग लागली. दातांच्या डॉक्टरांनी गाडी फाटकावर घातली होती: द गेट वॉज हिट. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या हातून कुंडी निसटून खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत पडली होती: अ पॉट वॉज ड्रॉप्ड. नोटीस बोर्ड वाचून वाटावं, या इमारतीत माणसं राहत नाहीत, नुसती भुतं नांदतात. पण भांडणं बंद झाली. बाबा तर छाती फुगवून सांगत सुटले, “आमच्या पोरीने शांतता आणली.”

आणि एका सकाळी जिन्याखाली तोफेची सायकल दिसली. पुढचं चाक भाकरीच्या तव्यासारखं खोलगट झालं होतं. वर्षभर हट्ट करून मिळवलेली सायकल. तिच्यामुळे शाळेच्या बसपासून सुटका झाली होती आणि थांब्यावर पाण्याची बाटली घेऊन उभ्या राहणाऱ्या आईपासूनसुद्धा. बोर्डावर ताजी नोटीस होती: अ बायसिकल वॉज बेंट. इनकन्व्हिनियन्स इज रिग्रेटेड.

“काकू, कोणी वाकवली?”

“ते लिहिलेलं नाही गं,” काकू म्हणाल्या. “पण लिहिलंय किती छान. अगदी तुझ्या वळणावर.”

डॉक्टर म्हणाले, “दिलगिरी आहे ना? मग झालं तर.”

बसने धक्के खात ती शाळेत पोचली आणि बाईंसमोर उभी राहिली. “बाई, तुमच्या पॅसिव्हने माझी सायकल खाल्ली.” मग तिने सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “माणुसकी कोणी दाखवायची गं? नाव गाळायचा हक्क ज्याचं नुकसान झालं त्याचा. ज्याने केलं त्याचा नाही.”

एवढ्या दोन वाक्यांत बोर्डावरची सगळी भुतं उघडी पडली. बाई म्हणजे बाईच.

रात्री जेवताना तोफेने बाईंचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. बाबांनी घास ताटात ठेवला. त्यांनी आईकडे पाहिलं. आई भात वाढत राहिली.

“स्कूटर मागे घेत होतो,” बाबा म्हणाले. “मी वाकवली. नोटीसही मीच लिहिली.”

सबंध इमारतीत ‘मी’ म्हणणारा हा पहिलाच माणूस, आणि तो आपल्या घरातला, या विचाराने तोफेचा निम्मा राग तिथेच विरला. उरलेला निम्मा तिने जपून ठेवला.

“ऐका,” ती आईबाबांना म्हणाली. “नोटीस आहे तशीच राहील. नाव मी गाळलंय. पण चाक दुरुस्त होईपर्यंत मी बसने जाणार, तर बाबाही बसने जातील. स्कूटर जागची हलवली जाणार नाही. असं ठरवण्यात आलं आहे.”

“कोणी ठरवलं?” बाबांनी विचारलं.

“मी.”