सावंत सिस्टर आणि एक मिशी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सावंत सिस्टर माणसाचा चेहरा बघत नाहीत, हात बघतात. तळहात नव्हे. तळहातावर भविष्य असतं आणि भविष्यावर त्यांचा विश्वास नाही. त्या बघतात ती कोपराच्या आतल्या बाजूची शीर. सोसायटीतल्या एका लग्नात सगळ्या बायका नवरीच्या शालूवर तुटून पडल्या होत्या. सिस्टर स्टेजवर गेल्या, पाकीट दिलं, नवऱ्या मुलाची बाही जराशी वर सरकवली आणि नवरीच्या मावशीला म्हणाल्या, "नशीब काढलंत हो. काय शीर आहे मुलाची! डोळे मिटून सुई जाईल." मावशी जी स्टेजवरून उतरली ती थेट पंगतीत जाऊन बसली.

मला तर त्यांनी पहिल्याच भेटीत नापास केलं. मी इथे पनवेलला एका शाळेत भूगोल शिकवतो. चारचौघांत मला थोडाफार मान आहे, निदान लिफ्टमध्ये लोक जागा देतात. पण सिस्टर माझा हात उलटा करून म्हणाल्या, "सर, आपल्या शिरा पळपुट्या आहेत." शिरा कशाला, मी स्वतःच पळपुटा आहे. सुई दिसली की मला घरचा गॅस बंद करायचा राहिल्याचं आठवतं.

हे 'आपण' म्हणजे त्यांचं खास बोलणं. "आपण गोळी घेतली का?" "आपलं आज पोट साफ झालं ना?" हा प्रश्न त्या लिफ्टमध्ये, भर गर्दीत, भाजीचा भाव विचारावा तसा विचारतात. उत्तर दिल्याशिवाय मजला येत नाही. चौथ्या मजल्यावरच्या एका वजनदार बिल्डरने शेवटी जिना वापरायला सुरुवात केली आणि त्याचं पोट त्यामुळेच सुधारलं, असं सिस्टरांचं म्हणणं आहे.

माझ्या बायकोला, सुनंदाला, एकदा ताप आला, तेव्हा सिस्टर भेटायला म्हणून आल्या आणि आल्या आल्या आमचा पलंग त्यांनी ताब्यात घेतला. चादर ताणली, कोपरे तिरपे दुमडले, गादीखाली खोचले. "चादरीला सुरकुती म्हणजे पाठीला जखम," म्हणाल्या. सुनंदाला ते इतकं आवडलं की तिने तेच चालू ठेवलं. तेव्हापासून मी पाकिटात घातलेल्या पत्रासारखा झोपतो.

सिस्टरांची सगळी नोकरी इथल्याच एका हॉस्पिटलात झाली. निम्मं पनवेल त्यांच्या हाताखालून गेलंय. बाजारात त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे कठीण. "तो बघा, पिशवीवाला. अपेंडिक्स. फुटायच्या बेतात आलं होतं." "ती गजरे घेतेय ना, तिसरं बाळंतपण. काय ओरडली होती!" गंमत म्हणजे यातलं कुणीच त्यांना ओळखत नाही. अपेंडिक्स खुशाल धक्का मारून पुढे जातं. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, वाईट नाही वाटत? इतकं केलंत, आणि हे ओळखही दाखवत नाहीत."

"वाईट कसलं? बरा झालेला माणूस नर्सला विसरतो. नाही विसरला तर समजावं, अजून कुठेतरी दुखतंय. आपला पगार तो असतो, सर. महिन्याचा वेगळा."

आता मुद्द्याचं. आमची मुलगी सायली खारघरला नर्सिंगला आहे. तिने ते स्वतःच्या हट्टाने घेतलं होतं. सुनंदाचा विरोध होता. "लोकांचं धुवायला-पुसायला इतकं शिकायचं?" हा तिचा प्रश्न. मी लेकीच्या बाजूने होतो; घरात एक तरी माणूस सुईला न घाबरणारं हवं. पण दुसऱ्या वर्षी सायली एके दिवशी वॉर्डातून घरी आली, युनिफॉर्म बादलीत टाकला आणि म्हणाली, "सोमवारी कॉलेजात जाऊन नाव काढून घेणार. मला नाही करायचं हे."

झालं होतं ते असं. वॉर्डात एक बाई होती, हात कोपरापर्यंत सुजलेला. हातातल्या हिरव्या बांगड्या मांसात रुतायला लागल्या होत्या. तिथल्या मोठ्या सिस्टरांनी सायलीला त्या काढायला सांगितल्या. निघेनात, तेव्हा तिने खाली कापूस धरून एकेक बांगडी अलगद फोडली. तेवढ्यात बाईची सासू आली. "माझा मुलगा जिवंत आहे आणि ही कार्टी सुनेच्या बांगड्या फोडतेय!" सगळा वॉर्ड गोळा झाला. ज्याच्या नावाने हा आकांत चालला होता तो नवरा हातात वडापाव घेऊन दारात उभा होता. त्यालाही घास गिळावा की नाही कळेना. सायलीला सगळ्यांसमोर पांढऱ्या पायाची, अवदसा, काय काय म्हणून झालं.

"मी तिचा हात वाचवत होते, बाबा," एवढंच ती मला म्हणाली आणि रडली. मी आपला तिला सिस्टरांकडे घेऊन गेलो.

सिस्टर धीर देतील, चार उपदेशाच्या गोष्टी सांगतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी सायलीला आल्याचा चहा दिला आणि विचारलं, "हाताची सूज उतरली का?"

"उतरतेय."

"मग बांगड्या बरोबर फोडल्यास." उपदेश तेवढाच. मग आपणहून म्हणाल्या, "माझ्यावर तर अख्खं गाव ओरडलं होतं. एका मिशीवरून."

मिठागरावर काम करणारा एक माणूस छातीत दुखतं म्हणून उरणकडून आणला होता. भरघोस मिशी, दोन्ही टोकांना पीळ. श्वास घेता येईना, म्हणून डॉक्टरांनी घशात नळी घातली. ती नळी ओठांवर चिकटपट्टी लावून बसवतात. मिशीवर पट्टी टिकेना. "पट्टी सरकली की नळी सरकते, आणि नळी सरकली की माणूस सरकतो," सिस्टर म्हणाल्या. "विचारायला वेळ नव्हता. मी रेझर घेतला आणि मिशी उतरवली."

माणूस तरीही वाचला नाही. बाप गेल्यावर पोराने मिशी उतरवायची, ही आपली रीत. इथे तर जाणाऱ्याचीच उतरलेली. त्याच्या भावांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. हिनेच आधी सुतक आणलं, म्हणून तो गेला!

"भाऊ ओरडले त्याचं मला काही नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्याची बायको मात्र काही बोलली नाही. चादर बाजूला करून बघत राहिली नुसती. कुणी शिव्या दिल्या की त्या ऐकून सोडून देता येतात गं. तिचं बोलणं राहिलं ते राहिलंच."

सायलीने विचारलं, "मग तुम्ही का नाही सोडलीत नोकरी?"

"दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी होती," सिस्टर म्हणाल्या. हे काही उत्तर नव्हे, असं सायलीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मलाही तसंच वाटलं.

रविवारी सकाळी सिस्टर पिशवी घेऊन दारात हजर. "चल गं. पोटात मासा गेला की माणूस निर्णय नीट घेतो." सायली नाइलाजाने निघाली, मी पिशवी धरायला. मासळी बाजारात सिस्टर पापलेटांचे कल्ले उघडून बघत होत्या, तेवढ्यात पलीकडच्या टोपलीमागून आवाज आला.

"ओ बाय! तुमी त्या सिस्टर ना?"

एक पिकल्या केसांची, ठसठशीत बाई. हातातला कोयता तिने खाली ठेवला. "वलखलं नाय मना? मी त्या मिशीवाल्याची बायको."

सिस्टरांच्या हातातलं पापलेट टोपलीत पडलं. मी सायलीकडे पाहिलं, सायलीने माझ्याकडे. आता इथे तमाशा होणार या धास्तीने मी पिशवी छातीशी धरली.

"मी तेव्हा... नळी बसत नव्हती हो," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "तुम्हाला विचारायला हवं होतं मी."

"दीर लय बोलले तुमाला. माज्या तोंडातना शब्दच फुटला नाय." बाई पदराला हात पुसत पुढे आली. "सिस्टर, आमचा लगीन झाला तवा त्याला मिशी नवती. ओठावर नुसती लव. मंग मिशी आली, मोठी झाली, न त्याच्यामागं तो पोरगा कदी गेला मनाबी समजला नाय. त्या दिवशी चादर बाजूला केली, न बघतंय तं काय, तोच पोरगा. लगनातला."

आजूबाजूच्या बायकांची भाव करण्याची गडबड चालूच होती.

"घरात फोटू हाय तो मिशीवाला. दिरांनी लावला. पन मी डोलं मिटलं का मना तो तुमी दाखवला तोच दिसतो."

सावंत सिस्टर तिथेच, ओल्या फरशीवर, उलट्या घातलेल्या एका डब्यावर बसल्या आणि भर बाजारात मोठ्याने रडल्या. त्या बाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मासळीचाच हात, पण सिस्टरांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. माझेही डोळे भरून आले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

सायलीने माझी बाही ओढली. आम्ही बाहेरच्या गल्लीत आलो. ती कासाराच्या दुकानापाशी थांबली.

"हिरव्या दाखवा," ती म्हणाली. "तुमच्या हाताला?" त्याने विचारलं. "नाही, पेशंट आहे. जरा मोठ्याच द्या, सूज अजून पूर्ण उतरली नसेल. उद्या नेते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईला सांगा, युनिफॉर्मला इस्त्री लागेल."

आम्ही परत गेलो तेव्हा सिस्टर टोपलीमागे बसून एका गिऱ्हाइकाला पापलेटाचा भाव सांगत होत्या, तोही चुकीचा. ती बाई पोट धरून हसत होती.

"घरात कोन हाय तुमच्या?" तिने विचारलं.

"मीच," सिस्टर म्हणाल्या.

"मंग आज जेवाला आमच्याकडं."

सिस्टरांनी आमची मासळी सायलीच्या हातात दिली. "तुम्ही व्हा पुढे. मला जेवायला बोलावलंय," त्या म्हणाल्या. आम्ही रिक्षात बसेपर्यंत हे त्यांनी आम्हाला आणखी दोनदा सांगितलं.