घरचं मशीन की परक्याचं फार्म

"मशीन घ्यायचं का फार्मला पाठवायचं, एवढंच बोल," ताबीश म्हणाला. "हौ नाहीतर नक्को. मधलं काय सांगू नको."

देवदत्त मधलंच काहीतरी शोधत होता. कुठल्याही गोष्टीच्या दोन्ही बाजू त्याला दिसायच्या आणि पंचाईत अशी, की दोन्ही पटायच्या. परवा छताचा पंखा घ्यायला गेला, तो सहा दुकानांतले पंखे चालू करून बघून, घामाघूम होऊन हात हलवत परत आला.

सोलापुरात होटगी रोडवरच्या देवदत्तच्या घरात, वरच्या खोलीत, दोघांचा स्टुडिओ होता. अजून न बांधलेल्या इमारती संगणकावर बांधून दाखवायच्या, हा धंदा. आजवर बंगल्यांची सुटी चित्रंच केली होती. आता मात्र दुधनीचे अडते हिंदुराव अक्कलकोट रोडला मंगल कार्यालय काढणार होते. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन होतं, आणि त्याच मांडवात मोठ्या पडद्यावर, पाहुण्यांना कार्यालयातून फिरवून आणणारी फिल्म दाखवायची होती. फिल्म जमली तर मांडवात बसलेला निम्मा बाजार पुढचं गिऱ्हाईक होणार होता. फसली तर तोच बाजार साक्षीला होता.

कार्यालय संगणकात बांधून तयार होतं. अडलं होतं ते रेंडरिंगवर. फिल्म म्हणजे हजारो चित्रं, आणि प्रत्येक चित्रात झुंबराचा उजेड ग्रॅनाइटवर पडून पुढे कुठे उसळतो, हे संगणकाला मोजत बसावं लागतं. त्यांचा जुना संगणक एकेका चित्रावर म्हशीसारखा रवंथ करत बसायचा. त्याच्या भरवशावर राहिलं असतं तर पुढच्या वर्षीची अक्षय्य तृतीया उजाडली असती. मग वाटा दोनच उरल्या. एक, रेंडरिंगसाठी म्हणून खास दांडगं मशीन घ्यायचं. दुसरी, रेंडर फार्म. म्हणजे कुठेतरी दूर शेकडो संगणक मांडून बसलेली कंपनी. इंटरनेटवरून काम पाठवायचं, ते शंभर जण वाटून घेतात आणि सकाळी दिलेलं संध्याकाळी परत करतात.

"मशीन घेतलं तर ते आपलं," देवदत्त म्हणाला. "पण काम नसलं तरी आपलंच. पावसाळाभर नुसतं बसून राहिलं म्हणजे?"

"मग फार्मला पाठव."

"तिथं भाडं वापरापुरतं, हे खरं. पण फायलीत आपली एक चूक राहिली, तर ती शंभर संगणक एकदम करणार."

"या अल्लाह," म्हणत ताबीशने कपाळावर हात मारला.

चहा घेऊन आलेल्या देवदत्तच्या आई, इंद्रायणीबाई, दारात थांबल्या. "यात एवढं काय आहे? दळणासारखं आहे की. गिरणीत टाकलं तर कुणाचं पीठ कुणाच्या डब्यात येईल, नेम नाही. म्हणून मी घरघंटी घेतली. पण लग्नाचं दळण निघालं तर घरघंटीवर कोण बसेल?"

"म्हणजे आई, घ्यायचं की पाठवायचं?"

"ते तू ठरव बाबा," म्हणून त्या खाली गेल्या.

देवदत्तच्या बायकोने, भार्गवीने मात्र जेवताना सरळ सांगितलं, "आज संध्याकाळपर्यंत तू ठरव. नाहीतर मी ठरवते, आणि मी ठरवलेलं तुला आवडत नाही."

ही मात्रा लागू पडली. दुपारी देवदत्तने डोळे मिटून मोबाईलवर फार्मचे पैसे भरले. आयुष्यात पहिल्यांदा झटक्यात काहीतरी केलं, या आनंदात तो जिन्याकडे वळला, तर खालून ताबीश वर येत होता. मागून नवी पेठेतल्या दुकानाची दोन माणसं, कण्हत, एक भलंमोठं खोकं चढवत होती.

"तू ठरवत नव्हतास," ताबीश म्हणाला, "म्हणून मीच ठरवलं."

देवदत्तने मोबाईल पुढे केला. ताबीशने पैशांची पावती वाचली आणि तो तिथेच जिन्यावर बसला. माणसं खोकं धरून तशीच उभी.

"आता आणलंच आहे तर लावू," देवदत्त शेवटी म्हणाला. "फार्म अडीअडचणीला राहील."

मशीन लागलं, आणि खरोखर वाघासारखं निघालं. फडाफड चित्रं पडू लागली. पण वाघाला ऊन सोसेना. बाहेर सोलापूरचा उन्हाळा, आत त्या मशीनची धग. थोड्याच वेळात वरची खोली भट्टीसारखी झाली आणि मशीन गुरगुरायला लागलं. म्हणून भार्गवीच्या खोलीतला एसी वर आणून बसवला. एसी आणि मशीन यांची पत्रिका जुळली. दोन दिवस दोघं सुखाने नांदले.

भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी, निम्मी फिल्म झालेली असताना, खाली इंद्रायणीबाईंनी घरघंटी लावली.

खाट्‌ असा आवाज झाला आणि अख्खं घर गप्प झालं.

वायरमन आला, मीटरपाशी जळका वास घेऊन म्हणाला, "साहेब, ह्या लायनीवर कारखाना चालत न्हाय. साधी लाईट देतो जोडून. मशीनला वेगळी लाईन वढावी लागंल, चार दिवस तरी जातेत."

"मी रोज याच वेळेला दळते," इंद्रायणीबाई म्हणाल्या. "तुमचं मशीन नवं आलंय."

मग फार्म आठवलं. ताबीशने उरलेली निम्मी फिल्म घाईघाईने तिकडे पाठवली. पाठवतानाही इंटरनेट मुंगीच्या पावलांनी चाललेलं, त्यामुळे अगदी लागेल तेवढंच पाठव, असं देवदत्तच मागून सांगत होता. फार्मने शब्द पाळला. भूमिपूजनाच्या सकाळी, दोघं निघता निघता चित्रं आली. देवदत्तने ती घाईत तशीच मशीनच्या निम्म्या फिल्मला जोडली, पेन ड्राइव्हवर घेतली, आणि दोघं अक्कलकोट रोडला सुटले.

मांडव गच्च भरला होता. गुरुजींनी पूजा सांगितली, हिंदुरावांनी पहिली कुदळ मारली, आणि पडदा उजळला. काळाभोर ग्रॅनाइट, त्यात लखलखणारं झुंबर. मांडवातून "वा!" उठलं. हिंदुरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. "ग्रॅनाइट मी स्वतः निवडलाय," ते पाहुण्यांना सांगू लागले. कॅमेरा दारातून आत गेला, मुख्य सभागृहात शिरला.

आणि सगळं गुलाबी झालं.

भिंती गुलाबी, खांब गुलाबी, फरशी, छत, खुर्च्या, सगळं एकजात, डोळ्यांत खुपणारं गुलाबी. ग्रॅनाइट, लाकूड, गालिचे यांचे नमुने असलेलं फोल्डर फार्मला पाठवायचंच राहिलं होतं. आणि जिथे नमुना सापडत नाही, तिथे संगणक बोंब मारल्यासारखा हाच रंग लावतो.

"तू बघितलं नव्हतंस?" देवदत्त कुजबुजला.

"मैं समझा तूने देखा."

महिनाभर आपण मशीन आणि फार्म तोलत होतो असं देवदत्तला वाटलं होतं. आता त्याला कळलं, की तो तोलत होता ते वेगळंच. उद्या काही बिघडलं तर आपल्याकडे कुणी बोट दाखवू नये, एवढंच त्याला हवं होतं. आणि आता अख्खा मांडव त्याच्याकडे बघत होता. तो उठला. त्याच क्षणी शेजारी ताबीशही उठला.

"चूक माझी आहे," दोघं एकदम म्हणाले.

"थांबा की वो," पुढच्या रांगेतून आवाज आला. हिंदुरावांच्या पत्नी शकुंतलाबाई पडद्याकडे हात करून उभ्या राहिल्या होत्या. "चूक कुणाची ती मागनं बघू. अहो, त्यो खांब बघा की!"

"कंचा खांब?" हिंदुराव म्हणाले.

"त्यो, स्टेजच्या म्होरला. बायका बसणार हितं, नवरी उभी तितं. मधी ह्यो उभा. अक्षता काय खांबावर टाकायच्या व्हय?"

हिंदुराव पुढे सरकून बघू लागले. खांब खरंच मध्ये येत होता. पहिल्या दिवसापासून तिथेच होता. "मी धा येळा फोटो बघितलं की," ते ओशाळून म्हणाले. "खरं, मी निसता ग्रॅनाइटच बघत हुतो." चकाकीत जे लपलं होतं, ते एका रंगात उघडं पडलं होतं. मग पाहुणेही सरसावले. कुणाला स्वयंपाकघराचं दार हात धुवायच्या जागेत उघडताना दिसलं, कुणाला वाढप्यांची वाट पाहुण्यांच्या वाटेत आलेली दिसली. फिल्म संपून पुन्हा ग्रॅनाइटपासून सुरू झाली, तेव्हा शकुंतलाबाई ओरडल्या, "हे नगं, ते गुलाबी लावा!"

इंजिनिअर म्हणाले, पाया खणायचाय अजून, खांब हलवता येईल. हिंदुरावांनी देवदत्तच्या पाठीवर थाप मारली. "लई डोकं लावलंत. आता बदल करून परत दावा. असंच, गुलाबी."

दुसऱ्या दिवशी दोघं वरच्या खोलीत बसले. नवं मशीन वेगळ्या लाईनची वाट बघत गप्प उभं होतं. फार्मला पाठवायला इंटरनेट रांगत होतं. देवदत्तने खांब बाजूला घेतला, आणि सहज म्हणून गुलाबी फिल्म जुन्या संगणकावरच लावून दिली. ना झुंबराची चमक मोजायची, ना ग्रॅनाइटचं प्रतिबिंब. ज्याने एकेका चित्राला तास-तास लावला असता, त्या संगणकाने चहा निवायच्या आत सगळी चित्रं काढून पुढ्यात ठेवली.

ताबीशने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"ह्याला कायच लागत नव्हतं रे," ताबीश हळूच म्हणाला. "ना मशीन, ना फार्म."

"हे घरात कुणाला बोलू नकोस," देवदत्त म्हणाला.

पण भार्गवी रिकामे कप न्यायला केव्हाची दारात येऊन उभी होती.