खरब्यांच्या चिठ्ठ्या

"सर, म्युझियमची काळजी सोडा! समितीला प्रत्येक काचेत स्वतःचं तोंड दिसलं नाही, तर नावाचा गोरक्ष नाही!"

गोरक्षभाऊंनी ही फुशारकी मारली ती शुक्रवारी दुपारी, प्राचार्य धनराज सरांच्या केबिनमध्ये. तपासणी समिती सोमवारी अकरा वाजता येणार होती. नाशकातल्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गोरक्षभाऊ एकतीस वर्षं परिचर होते. मधल्या काळात चार विभागप्रमुख आले नि गेले, सापळ्याच्या मानेचे तीन मणके हरवले, पण गोरक्षभाऊ जागेवरच. शनिवारी त्यांनी सापळा पुसला, घुबडाचे डोळे पुसले, भिंतीवरच्या पालीलाही पुसणार होते, ती जिवंत निघाली!

खरब्यांचं कपाट मात्र त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं. त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नव्हता.

खरबा म्हणजे बोटाएवढा मासा. नदीच्या तळाशी दगडाला चिकटून बसतो आणि जगाकडे रागानं बघतो. त्याच्या पोटाखालचे दोन पर जुळून वाटी झालेली असते, तिच्यानं तो दगड धरतो. याचे भाऊबंद किती आणि ते नाशिक जिल्ह्यात कुठं कुठं राहतात, यावर मोहिनी मॅडमनी प्रबंध लिहिला होता. मॅडम तेव्हा तासिका तत्त्वावर होत्या. चार वर्षं दर रविवारी त्या जाळं घेऊन निघायच्या आणि बरण्या धरायला गोरक्षभाऊ.

सावळघाटात एसटीतून उतरल्यावर मॅडमनी एकदा बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतलं होतं. "गोरक्षभाऊ, हे पाणी इकडे वाहिलं तर बंगालच्या उपसागरात. तिकडे वाहिलं तर अरबी समुद्रात. माशाला हा घाट म्हणजे देशाची सीमा!" मग पेठच्या बाजूच्या ओढ्यात त्यांना एक भलताच खरबा मिळाला. तोंडानं नि पोटाच्या वाटीनं कातळ धरत धरत धबधबा चढणारा! त्याचं शास्त्रीय नाव वकिलाच्या पाटीएवढं लांब होतं. गोरक्षभाऊंनी त्याचं नाव ठेवलं चढ्या. मॅडम हसल्या, आणि त्या दिवसापासून त्याही चढ्याच म्हणू लागल्या. ओढ्याकाठी नाचणीची भाकरी खाताना त्या मासा तळहातावर धरून विचारायच्या, "काय वाटतं तुम्हाला?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत गोरक्षभाऊंना "काय वाटतं" असं विचारणारं दुसरं माणूस भेटलं नाही. बाकी सगळे "किल्ली कुठाय" एवढंच विचारायचे.

मॅडमची जागा कायम झाली नाही. त्या कोचीला गेल्या, त्याला एकोणीस वर्षं झाली. मागं राहिल्या एकतीस बरण्या आणि त्यांवर मॅडमच्या काळ्या शाईतल्या, जोंधळ्याच्या दाण्यांसारख्या टपोऱ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. दोन वर्षांपूर्वी आजीमाजी शिक्षकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर गोरक्षभाऊंना त्यांचा नंबर सापडला. तो त्यांनी "मोहिनी मॅडम मासे" या नावानं साठवला, रोज एकदा बघितला, आणि एकदाही लावला नाही. काय सांगणार? किल्ली माझ्याकडेच आहे म्हणून?

तर सोमवारी सकाळी सात वाजता भाऊंनी टबात सोड्याचं गरम पाणी केलं, एकतीसच्या एकतीस बरण्या त्यात अलगद बसवल्या आणि चहाला गेले. दहा मिनिटांत परत आले, तर झाडलोट करणाऱ्या लताबाई टबाकडे बघत उभ्या.

"भाऊ, ह्ये काय सोडलं पाण्यात?"

भाऊंनी वाकून बघितलं. गणपती गेल्यावर गोदेत निर्माल्य तरंगावं, तशा एकतीस चिठ्ठ्या पाण्यावर तरंगत होत्या! शाई शाबूत होती. डिंकानं मात्र राजीनामा दिला होता.

"आता कोण कोण हाय ते कसं कळायचं?" लताबाईंनी विचारलं.

"मला कळतं!" भाऊ म्हणाले. आवाज मात्र बरणीतून आल्यासारखा आला.

मग सुरू झाला शोध. भाऊ एकेक बरणी उचलायचे, उलटी करायचे, टॉर्च मारून पोट बघायचे. "पर जुळलेत... वाटी आहे... खालचा जबडा पुढं आलाय... हा साधा खरबा. गंगापूर धरण! याच्या अंगावर खवले नाहीत... हा बोडका. ह्याचे पर वेगळे, हा खरबाच नव्हे, नुसता शेजारी!"

"बया! मुलगी बघायला येणारे बी एवढं बघत नाहीत," लताबाई म्हणाल्या आणि चिठ्ठ्यांना डिंक लावू लागल्या.

एकोणतीस जुळल्या. उरल्या दोन बरण्या, दोन चिठ्ठ्या, आणि अकराला पाच मिनिटं. दोन्ही मासे कोवळे, वीस वर्षं स्पिरिटमध्ये मुरून दोघांचाही रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा, आणि दोघांचीही तोंडं तळाच्या जाड काचेत दडलेली. चिठ्ठ्या होत्या "गोदावरी, गंगापूर धरणाखाली" आणि "पेठजवळचा ओढा". भाऊंनी फोन काढला. "मोहिनी मॅडम मासे" वर अंगठा नेला. आणि काय सांगू? तुमचं अक्षर मी सोड्यात उकळलं? अंगठा मागं आला.

तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज! भाऊंनी डोळे मिटले नि एक चिठ्ठी इकडे, एक तिकडे चिकटवली.

समितीत तिघं होते. दोघं काचांत आपापले केस नीट करून पुढं सरकले. तिसऱ्या होत्या डॉ. साधना, माशांमध्येच हयात गेलेल्या बाई, गळ्यात भिंग. त्या खरब्यांच्या कपाटापाशी थांबल्या. एक बरणी उचलली, उजेडाकडे धरली, भिंग लावलं. मिनिटभर श्वासच घेतला नाही.

"हा इथं? गोदावरीत?"

धनराज सर इतिहासाचे प्राध्यापक. तीरासारखे पुढं आले. "हो तर! मॅडम, आमच्याकडचं सगळं गोदावरीतलंच!"

"अहो, हा कडा चढणारा मासा आहे! पिल्लं समुद्रात जातात आणि परत प्रवाहाविरुद्ध चढून डोंगरात येतात. घाटाच्या अलीकडे हा कधीच कोणाला मिळालेला नाही. ही तर मोठी नोंद आहे!"

मोठी नोंद! एवढे दोन शब्द सरांना पुरले. पुढच्या पंधरा मिनिटांत पेढे आले, पंचवटीतल्या कोणाच्या तरी ओळखीचा पत्रकार आला, कार्यालयानं "गोदावरीत कडा चढणारा मासा : आमच्या महाविद्यालयाचा शोध" असा फलक छापायलाही टाकला. प्रत्येक पायरीला मासा वाढत होता. कार्यालयात तो वीतभर होता, कँटीनमध्ये हातभर, आणि सायकल स्टँडपर्यंत पोचेतो तो गंगापूर धरणाची भिंत चढून गेला होता!

"गोरक्ष, बरणी धर, फोटोत ये!" सर ओरडले.

बरणी धरताना भाऊंच्या कानावर डॉ. साधनांचं बोलणं पडलं. "इथल्याच एका मोहिनी बाईंचा प्रबंध वाचलाय मी. त्यांनी ठाम लिहिलंय, हा मासा घाटापलीकडेच, चार वर्षं शोधूनही गोदावरीत एकही नाही. नेटकं काम होतं. पण चुकलंच म्हणायचं."

फोटोत भाऊंचे डोळे मिटलेले आले. भाऊ बरणी छातीशी धरून तसेच मागच्या जिन्यात गेले. चार वर्षांचे रविवार, गुडघाभर पाणी, ती एवढी वणवण, आणि सगळं खोटं ठरणार डिंकाच्या एका थेंबानं! बोटाएवढा जीव समुद्रापासून पेठपर्यंत कातळ चढून येतो, आणि आपल्याला दोन वर्षांत एक हिरवं बटण दाबवलं नाही. त्यांनी ते दाबलं.

"हॅलो?" आवाज तोच. थोडा थकलेला.

"मॅडम, नाशिकहून बोलतोय. कॉलेजातून. तुमच्या खरब्यांच्या बरण्या..."

"अरे देवा! मंगळूभाऊ! तुम्ही?"

मंगळू हा पेठचा माणूस. त्यानं ओढ्यात जाळं धरलं होतं, सगळे मिळून दोन दिवस. जाताना मॅडमनी कॉलेजात शिपायाच्या जागेसाठी त्याचं नाव दिलं होतं, पण तो कधी आलाच नाही. भाऊंनी तोंड उघडलं. पण "मंगळू नाही" म्हटलं तर मॅडम "मग कोण?" म्हणणार, आणि त्याचं उत्तर देता देता रडू येईल की काय, अशी भीती वाटली.

"हो मॅडम," भाऊ म्हणाले. "मीच." आणि सगळं सांगून टाकलं. सोडा, डिंक, पेढे, फलक.

पलीकडे मॅडम हसत सुटल्या. "अहो मंगळूभाऊ, बरणीच्या आत चिठ्ठी आहे की! प्रत्येक बरणीत. पेन्सिलीनं लिहिलेली, माशाखाली दडलेली. बाहेरच्या चिठ्ठीवर कोण विश्वास ठेवतं?"

"तुम्हीच म्हणाला होतात, झाकणाला हात लावायचा नाही."

"आणि तुम्ही वीस वर्षं लावला नाहीत?"

"नाही."

पलीकडे हसू थांबलं. "उघडा," मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि काय निघतं ते मला कळवा."

भाऊंनी जिन्यातच झाकण फिरवलं. स्पिरिटच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे वासानंच आलं असं समजू. खिशातल्या चिमट्यानं ओली चिठ्ठी ओढली. एकदा वाचली, पुन्हा वाचली, आणि तशीच चिमट्यात धरून भाऊ प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले. पत्रकार वही उघडून बसला होता.

"सर, शोध रद्द करा. मासा पेठचा आहे. चिठ्ठी मी चुकीची लावली. मोहिनी मॅडमचं बरोबर आहे."

धनराज सरांच्या तोंडात अर्धा पेढा होता. तो गिळावा की परत ठेवावा, हे त्यांना कळेना. "गोरक्ष! अरे, उद्या सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

डॉ. साधनांनी चिठ्ठी भिंगाखाली धरली, सावकाश वाचली, मग भाऊंकडे बघितलं. वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचा पेढा उचलला. "छान आहेत. शोधासाठी आणलेत की असेच?" पत्रकारानं पेढ्यांचा फोटो काढला. आलोच आहोत तर!

संध्याकाळी पाचला समिती गेली, सर रागानं गेले, लताबाई झाडू घेऊन गेल्या. भाऊ एकटे कपाटासमोर बसले होते तेव्हा फोन वाजला. "मोहिनी मॅडम मासे"! पडद्यावर नाव उजळलेलं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. दोन वेळा वाजू दिला.

"मंगळूभाऊ, काय निघालं? मी दिवसभर वाट बघतेय!"

"पेठच, मॅडम. तुमचं बरोबर होतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं."

"वाचून दाखवा ना. माझंच अक्षर मला ऐकू दे."

भाऊंनी चष्मा लावला. "चढ्या, एक नग. पेठजवळचा ओढा, धबधब्याखालचा कातळ. तेरा नोव्हेंबर दोन हजार पाच. पकडला..."

"कोणी पकडला?"

"पुसट झालंय, मॅडम."

"पेन्सिल पुसट होत नाही. माझी तर नाहीच. वाचा."

भाऊंनी चष्मा पुसला. "गोरक्ष."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मग मी सकाळपासून कोणाशी बोलतेय?"

"गोरक्षशीच, मॅडम."

"अहो, मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या आनंदानं मंगळू म्हणालात... म्हटलं राहू दे."

"मी पण काय बाई!" मॅडमचा आवाज ओला झाला. "मला वाटलं, गोरक्षभाऊ कधीच निवृत्त झाले असतील. त्यांनी एकदाही फोन केला नाही म्हणून मी रुसून बसले होते. आणि तो पेठचा माणूस बघा, लक्षात ठेवून फोन करतो! असं म्हणत दिवसभर तुमच्यावर चिडले होते मी!"

भाऊंना हसू फुटलं आणि मग ते थांबवता येईना.

"जानेवारीत मी नाशिकला येते," मॅडम म्हणाल्या. "एक दिवस पुरेल. बाहेरच्या चिठ्ठ्या आपण नव्यानं लावू. फक्त तोवर एक करा. बाकीच्या तीस बरण्यांना अजिबात हात लावू नका. आतली चिठ्ठी आपल्या बरणीत आहे, तोवर काळजी नाही."

भाऊंनी समोरच्या टेबलाकडे बघितलं.

तीसच्या तीस बरण्या उघड्या होत्या. दुपारी केबिनमधून आल्यापासून त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. एका चिठ्ठीवर नाव निघालं, मग आणखी किती चिठ्ठ्यांवर निघतं ते बघितल्याशिवाय त्यांना राहवेना. आणखी अकरांवर निघालं! त्या अकरा त्यांनी खिडकीत, उजेडात, एका ओळीत वाळत घातल्या होत्या. ज्यांच्यावर नाव नव्हतं त्या एकोणीस चिठ्ठ्यांचा टेबलावर ढीग होता. कोणती कुठल्या बरणीतली, हे लिहून ठेवायचं त्या आनंदात राहूनच गेलं होतं.

"गोरक्षभाऊ? ऐकताय ना?"

"ऐकतोय मॅडम," भाऊ म्हणाले आणि पंखा बंद केला. "जानेवारीत येताय ते फार बरं झालं. फक्त, एक दिवस नाही, जरा महिनाभर येता येईल का?"